मन स्वच्छ नसेल तर प्रभुभोजन घ्यावं, की ताट पुढे सरकवावं?

अबोली_नगर | सोमवार, रात्री ९:४०

सर्वांना सलाम.

नगरजवळच्या एका खेड्यात आमची मंडळी (चर्च) आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरसाच्या इवल्या काचेच्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून फिरतो. माझ्या चुलत सासूबाई, आम्ही सगळे त्यांना मोठ्या आई म्हणतो, ताट दोन्ही हातांनी घेतात, डोळे मिटतात आणि शेजारणीकडे देतात. स्वतः काही घेत नाहीत. धाकट्या जावेशी विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं तेव्हापासून हे असंच चाललंय. जाऊबाई दोन बाकं पुढे बसतात, त्या मात्र घेतात. विचारलं की मोठ्या आई म्हणतात, "मन निवळलं की घेईन. मळक्या मनानं त्याच्या मेजाला हात लावायचा नाही."

माझी मुलगी यंदा दृढीकरणाच्या (स्वतः विश्वास कबूल करून मंडळीची पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या) वर्गाला जाते. तिने परवा विचारलं, "आई, बरोबर कोण? न घेणाऱ्या मोठ्या आई की भांडून घेणारे आपण सगळे?"

मला मोठ्या आईंबद्दल फार आदर आहे. मेज इतक्या गांभीर्याने घेणारं माणूस आमच्या मंडळीत दुसरं नाही. पण शुद्ध होऊन मगच यायचं, की यायचं आणि मग तो शुद्ध करतो? "जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" हे वचन मुलीला पाठ आहे. ते जगायचं कसं, ते तिला कसं सांगू?

सोलापूरकर_७ | सोमवार, रात्री १०:०५

प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगतो: आत्मपरीक्षा करा, अयोग्य प्रकारे खाल-प्याल तर दोषी ठराल. मोठ्या आई वचन पाळताहेत. बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

नेवासेकर | सोमवार, रात्री ११:३०

अबोलीताई, मी निवृत्त पाळक (पाद्री). हा प्रश्न मला दर मंडळीत कोणी ना कोणी विचारलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

करिंथकरांस पहिलं पत्र, ११वा अध्याय नुसत्या २७व्या वचनापासून वाचू नका, १७व्यापासून वाचा. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं, पैशाचं शहर. मंडळी कोणाच्या तरी मोठ्या घरात जमायची. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा होता ते आधी येऊन आपलं आपलं जेवण उरकायचे. गरीब लोक मागाहून यायचे तेव्हा काही उरलेलं नसायचं. २१वं वचन पाहा: एक भुकेला राहतो तर दुसरा पिऊन मस्त होतो. २२व्यात पौल विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? "अयोग्य प्रकारे" हे शब्द या संतापाच्या पोटातून आलेत. आणि उपाय काय सांगितला? ३३वं वचन: जेवायला एकत्र जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

दुसरं, २८वं वचन म्हणतं, परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून लांब बसावं असं तिथे लिहिलेलंच नाही. आपण भोळ्या माणसांना हे वचन अर्धंच शिकवलं. मोठ्या आईंसारख्या कितीतरी माउल्या त्या अर्ध्या वचनावर आयुष्य काढतात, याचं मला वाईट वाटतं.

सोलापूरकर_७ | मंगळवार, सकाळी ७:१५

पाळकसाहेब, सलाम. संदर्भ मान्य. पण मत्तय ५:२३-२४चं काय? वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. हे प्रभूचे स्वतःचे शब्द आहेत. समेट नाही तर मेज नाही.

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:४०

त्याच वचनाचा शेवट "मग येऊन आपले दान अर्पण कर" असा आहे. ठेव, जा, समेट कर, परत ये. चौथी पायरी गळली तर वेदीपाशी नुसतं दानच पडून राहायचं!

आणि "आठवलं तर" म्हटलंय. तिथे अपेक्षा ज्याच्यामुळे दुसरा दुखावलाय त्याने उठून जाण्याची आहे.

निर्मळ_तलाव | मंगळवार, सकाळी १०:२०

वसईहून. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची रीत सांगते. गंभीर पाप पदरी असेल तर आधी पापनिवेदन (फादरांपुढे पाप कबूल करणं), मग कम्युनियन, म्हणजे तुमचं प्रभुभोजन. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं हा नियम १२१५च्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. पण मोठ्या आईंचा प्रश्न आमच्याही चर्चमध्ये येऊन गेलाय. युरोपात एक काळ असा होता की "मी लायक नाही" म्हणत भाविक महिनोन्महिने कम्युनियन घेत नसत आणि त्यालाच भक्ती समजलं जाई. शेवटी १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला: गंभीर पापापासून मुक्त आणि हेतू सरळ असेल तर रोज घ्या. १९१० मध्ये लहान मुलांसाठीचं वयही खाली आणलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं की कम्युनियन हे परिपूर्ण माणसांचं बक्षीस नाही, दुबळ्यांसाठीचं औषध आणि अन्न आहे.

माझी आजी पापनिवेदनाला जायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे जाऊन यायची. उसनी आणलेली वाटी, घमेलं, काय असेल ते परत करून यायची. "फादरला सांगायच्या आधी घमेलं पोचलं पाहिजे" असं म्हणायची. अंतःकरणाच्या शुद्धतेवर मी बरीच प्रवचनं ऐकली, पण मला कळली ती या घमेल्यामुळे.

कौलारू | मंगळवार, सकाळी ११:००

घमेल्याला शंभर टक्के अनुमोदन.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी १:१०

थोडं अवांतर. मी शब्बाथ शाळेत (रविवारी मुलांना बायबल शिकवतात तिथे) शिकवते. देवळात प्रार्थनेला गेलेल्या परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराची गोष्ट सांगितली आणि विचारलं, जकातदार म्हणजे कोण? एक पोरगं म्हणालं, "टोलनाक्यावरचे काका." मग स्वतःच म्हणालं, "ते काका देवळात लांब उभे राहिले, कारण त्यांना सगळे ओळखत होते."

मी दिवसभर त्या वाक्यावर विचार करत होते. लांब उभं राहण्यातही फरक असतो ना? जकातदार लांब उभा राहिला, पण देवळात आला आणि तोंड उघडून दया मागितली.

चिंचेची_सावली | मंगळवार, दुपारी ३:४५

या धाग्यावर "शुद्ध", "मळकं" हे शब्द सहज फिरताहेत, म्हणून लिहितो. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांची सावलीसुद्धा अशुद्ध ठरायची. नगरमध्ये १८३३ साली मंडळी स्थापन झाली, पुढे खेड्यापाड्यात पसरली. आमच्या घरात अजून सांगतात की पणजोबांना पहिल्यांदा सगळ्यांबरोबर एका मेजाशी बसवलं तेव्हा त्यांना घास गिळवेना. कोणी त्यांना "आधी शुद्ध होऊन या" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते आलेच नसते, कारण ते वाक्य ते जन्मभर ऐकत आले होते.

मार्कच्या शुभवर्तमानात, ७व्या अध्यायात प्रभू म्हणतो, बाहेरून आत जाणारं काही माणसाला विटाळवत नाही, आतून निघतं ते विटाळवतं. आमच्या लोकांसाठी ही सुटकेची जाहीर घोषणा होती. आणि दुसऱ्या बाजूच्या माणसांनाही ती फार जड गेली. लक्ष्मीबाई टिळकांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्या त्यांच्याकडे परत आल्या, तरी सोवळं कडक होतं, स्वयंपाक वेगळा होता. मग जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनाला लागला आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. म्हणजे त्यांच्या बाबतीत जेवणाचं ताट आधी बदललं.

म्हणून मंडळीत कोणी आतल्या शुद्धतेचं नवं सोवळं सुरू केलं, की मला भीती वाटते.

अबोली_नगर | मंगळवार, दुपारी ४:३०

चिंचेची_सावली दादा, हे मी मुलीला वाचून दाखवलं. धन्यवाद.

तुळशीमाळ | मंगळवार, संध्याकाळी ६:००

मी वारकरी घरातला, इथे वाचायला येतो. आमच्याकडेही हाच झगडा आहे: चंद्रभागेत बुडी मारली आणि मन तसंच राहिलं तर काय उपयोग? संतांनी हे परोपरीने सांगितलं. मला कुतूहल आहे, तुमच्याकडे मन शुद्ध कोण करतं, साधक की देव?

नेवासेकर | मंगळवार, रात्री ८:२०

तुळशीमाळ, रामराम. ना. वा. टिळक म्हणत असत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरातलाच समजा.

५१व्या स्तोत्रात दावीद राजा "माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर" असं मागतो. उत्पन्न करणं हे देवाचं काम. पण त्याच दाविदाला त्याच्या पापाबद्दल नाथान संदेष्ट्याने आधी तोंडावर सांगितलं होतं की, तो माणूस तूच आहेस. देव हृदय देतो, आणि ते मागण्याआधी माणसाला खरं ऐकून घ्यावं लागतं. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन्ही गोष्टी बरोबर जातात.

लोदहून_शालोम | मंगळवार, रात्री ११:५०

मी बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), आई-वडील अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये. ख्रिस्ती नाही, पण या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही. योम किप्पूरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमची आजी दारफाळणीचा सण म्हणायची. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे, दिवसभर कडक उपास. मिश्ना या आमच्या प्राचीन धर्मशास्त्राच्या ग्रंथात स्पष्ट आहे: देवाविरुद्धच्या पापांची क्षमा त्या दिवशी होते, पण माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाची समजूत काढेपर्यंत तो दिवसही क्षमा देत नाही. म्हणून सणाच्या आधीच लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. येशूचं वेदीचं वचन वाचताना मला आमचंच बोलणं ऐकू येतं.

सोलापूरकर_७ | बुधवार, सकाळी ७:००

शालोमभाऊ, फार आवडलं. म्हणजे माझा मुद्दा कायम: आधी माणूस, मग देव.

गवतफुला_२२ | बुधवार, सकाळी ९:३०

मी तरुण संघात आहे. आमच्याकडे "शुद्धता" हा विषय दरवर्षी शिबिरात असतो आणि दरवर्षी तो मोबाइल आणि मुलींचे कपडे इथेच संपतो. मोबाइलवर काय पाहतो हा खरा प्रश्न आहे, तो नाकारत नाही. माझ्या ओळखीची मुलं त्यात अडकलीत आणि त्यांना मदत हवी आहे. पण मार्क ७ची यादी मी यंदा वहीत लिहून काढली. जारकर्म आहे, तसाच लोभ आहे, कपट आहे, हेवा आहे, निंदा आहे, अहंकार आहे. सगळं एका ओळीत. लोभावर शिबिर झालेलं मी ऐकलेलं नाही.

रानजाई | बुधवार, सकाळी ९:५०

पोरी, हे पुढच्या शिबिरात उभं राहून म्हण.

देवळाली_गाडी | बुधवार, सकाळी ११:१५

सगळे मेजावर येणाऱ्यांबद्दल बोलताहेत. देणाऱ्यांचं काय? आमच्याकडे मंडळीच्या जागेवरून कोर्टात दावे आहेत. शनिवारी एकमेकांविरुद्ध कागद करणारी माणसं रविवारी ताट फिरवतात. त्या हातून घ्यायचं कसं?

नेवासेकर | बुधवार, दुपारी १२:४०

हे दुखणं जुनं आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मंडळी दुभंगली. छळाच्या काळात ज्यांनी शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केल्या, त्यांच्या हातून झालेली दीक्षा, झालेले संस्कार खरे मानायचे की नाही? डोनाटस पंथाचे लोक म्हणाले, नाही, मंडळी शुद्धच हवी. तिथल्याच बिशप ऑगस्टीनने उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या योग्यतेवर तो उभा नाही. प्रभूच्या दाखल्यातले गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढणार.

पण याचा अर्थ पुढाऱ्यांना मोकळं सोडायचं असा नव्हे. कोर्टबाजी करणाऱ्यांना करिंथकरांच्या त्याच पहिल्या पत्राचा ६वा अध्याय वाचून दाखवा. अन्याय का सोसून घेत नाही, असं पौल विचारतो, आणि पुढच्याच वचनात म्हणतो, तुम्ही तर स्वतःच अन्याय करता, तोही भावांवर.

माडीवरची_खिडकी | बुधवार, दुपारी २:३०

जुनी मजेशीर माहिती. स्कॉटलंडमध्ये पूर्वी वडीलमंडळ (मंडळीचे निवडलेले पुढारी) सभासदांची परीक्षा घ्यायचं आणि पास झालेल्याला शिशाचं छोटं टोकन द्यायचं. टोकन दाखवलं तरच मेजावर जागा. उलट मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणायचा, प्रभुभोजन हे माणूस बदलण्याचंही साधन आहे, मग ज्याला गरज आहे त्याला बाहेर का ठेवायचं? आम्ही मेथडिस्ट, त्यामुळे मी कुठल्या बाजूला हे सांगायला नको 🙂

केडगाव_वाट | बुधवार, संध्याकाळी ५:१०

अबोलीताईंच्या मुलीसाठी लिहिते, कारण दृढीकरण झालं की आपण प्रौढ झालो असं त्या वयात वाटतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तेव्हा त्या नामांकित विदुषी होत्या. पण पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडायला आणखी वर्षं गेली. त्यानंतर दुष्काळातल्या मुली-बायका त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, शेती, विणकाम, छपाई शिकवली, आणि साध्या बायकांना कळेल असा बायबलचा अनुवाद मरेपर्यंत करत राहिल्या. इब्री लोकांस पत्रात दूध आणि जड अन्न यांचा फरक सांगितलाय. प्रौढ म्हणजे ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना बरंवाईट ओळखायचा वहिवाटीने सराव झालाय ते. सराव म्हटलंय, ते एका रविवारी होत नाही.

विहीरवाला | बुधवार, रात्री ९:००

मी शेतकरी माणूस. सगळं वाचलं, छान आहे. एक साधा प्रश्न: पाण्याची पाळी नेमकी कोणाची होती? ते कोणी विचारलंच नाही.

अबोली_नगर | बुधवार, रात्री १०:२५

विहीरवाला दादा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विहीर दोघा भावांची सामाईक. तीन-तीन दिवसांची पाळी होती. मोठे सासरे वारले आणि मोटरच्या स्टार्टरची किल्ली धाकट्या घरात गेली. तेव्हापासून मोठ्या आईंना पाणी मिळतं ते त्यांचं भिजवून झाल्यावर, कधी रात्री, कधी मिळतच नाही. त्यांचा कांदा एका उन्हाळ्यात उभा वाळला.

विहीरवाला | बुधवार, रात्री १०:४०

म्हणजे जिचं पाणी गेलं ती मन मळकं म्हणून उपाशी, आणि किल्लीवाली जेवते. ताई, हा निवाडा उलटा नाही का झाला?

नेवासेकर | बुधवार, रात्री ११:५५

विहीरवाला, तुम्ही करिंथ शोधून काढलंत. ज्याच्याकडे आहे तो आधी उरकतो, ज्याच्याकडे नाही तो भुकेला राहतो, आणि वर त्यालाच वाटतं की दोष आपला. मी परवा पत्रातला संदर्भ सांगत होतो आणि तोच प्रसंग ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेला होता.

मोठ्या आईंच्या मनात राग असेल. तो त्यांनी देवापुढे मांडावा, स्तोत्रकर्ते मांडतातच. पण अन्याय झालेल्या बाईला "आधी मन निवळू दे" म्हणणं आणि अन्यायाला हात न लावणं, याला मी शुद्धता म्हणणार नाही. आत्मपरीक्षेचा प्रश्न आधी पुढच्या बाकाला जायला हवा. मत्तय १८ची रीत आहे: आधी एकट्याने भेटून सांगणं, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीत. तुमच्या पाळकांना हे ठाऊक आहे का?

निर्मळ_तलाव | गुरुवार, सकाळी ८:१०

वसईत आम्ही हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटो शेतजमिनींसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी उभे राहिले, तेव्हा "फादरांनी वेदी सांभाळावी" असं म्हणणारे भाविक होतेच. पाण्याचा प्रश्न वेदीचा नाही असं त्यांना वाटत होतं.

जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट घ्या. लूक १९. प्रभू त्याच्या घरी आधी गेला, तो शुद्ध व्हायची वाट पाहत बसला नाही. आणि जक्कयाने काय केलं? अर्धं द्रव्य गरिबांना, अन्यायाने घेतलं असेल ते चौपट परत. मग प्रभू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं.

सोलापूरकर_७ | गुरुवार, सकाळी ९:००

पाळीबद्दल कळलं, त्यामुळे धाकट्या जावेबद्दल माझं मत बदललं. तिने घ्यायला नको. पण मोठ्या आई थांबतात, तर त्यांना आग्रह करू नका. ती त्यांची आणि देवाची गोष्ट आहे. विवेकाविरुद्ध घेतलेला घास पचत नाही.

रानजाई | गुरुवार, सकाळी ९:२०

आग्रह नको, मान्य. पण चुकीचं शिकवलेलं वचन नीट समजावणं म्हणजे आग्रह नव्हे. त्या आईंना कोणीतरी शेजारी बसून ११व्या अध्यायाची १७ ते ३४ वचनं वाचून दाखवा. पुढे त्यांचं त्या ठरवतील.

विहीरवाला | गुरुवार, सकाळी १०:०५

आणि एक व्यवहाराचं. सातबाऱ्यावर इतर हक्कात विहिरीचा हिस्सा नोंदलाय का ते बघा. मोठ्या सासऱ्यांनंतर वारसनोंदीत मोठ्या आईंचं नाव लागलं का तेही तलाठ्याकडे तपासा. नाव असेल तर वडीलमंडळासमोर कागद ठेवता येतो, बोलाचालीला आधार मिळतो. किल्ली दोन करून घ्या, खर्च फार नाही.

अबोली_नगर | गुरुवार, रात्री ९:१५

सर्वांचे आभार. पाळकसाहेबांशी बोलले. ते रविवारनंतर वडीलमंडळातल्या दोघांना घेऊन आधी धाकट्या काकूंच्या घरी जाणार आहेत. मुलगी म्हणतेय मीच मोठ्या आईंना अध्याय वाचून दाखवते. तिचं वाचन जरा घाईचं आहे, म्हणून आज दोनदा करून घेतलं. सातबारा मालक उद्या काढून आणतील. वारसनोंद झालेली नसेल तर पुढे काय करायचं, विहीरवाला दादा?

विहीरवाला | गुरुवार, रात्री ९:४०

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे जा. फेरफार पडला की नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. अडलं तर इथेच लिहा.